परवान्याचे पिस्तूल: मॅगझिनची क्षमता आणि कायद्याची चौकट

जबलपूरहून नरसिंहपूरकडे जाताना लागणारे शहपुरा हे जबलपूर जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण आहे. दिंडोरी जिल्ह्यातही याच नावाचे गाव असल्याने रेल्वेने येणारे लोक याला भिटौनीच्या नावाने ओळखतात. जबलपूर हे तोफा आणि दारूगोळ्याचे शहर होय. तेथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून कार्यरत आहे. मात्र सामान्य परवानाधारकाने अंगावर बाळगावयाचे देशी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर मुख्यतः कानपूर आणि कोलकाता परिसरातील सरकारी कारखान्यांतून येते.

अंगावर लपवून बाळगण्याच्या पिस्तुलांविषयी जे साहित्य उपलब्ध आहे, त्यातील बहुतांश अमेरिकेतील आहे. त्यात दुहेरी रांगेच्या, म्हणजे डबल-स्टॅक मॅगझिनच्या महागड्या पिस्तुलांची तुलना असते. अशा मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक सरळ न बसता आलटूनपालटून दोन रांगांत बसतात. त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या मुठीत अधिक काडतुसे मावतात, पण मूठ जाड होते. १९३५ मध्ये बेल्जियममध्ये तयार झालेल्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलाने १३ काडतुसांची ही रचना जगभर रूढ केली. भारतीय सैन्य आणि पोलीस दलांसाठी ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल त्याच वंशातील आहे. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक १९ मध्ये १५ काडतुसे बसतात. २०१८ मध्ये आलेल्या सिग पी-३६५ ने तर लहानशा मुठीत १० काडतुसे बसवून दाखविली.

शहपुऱ्यातील अर्जदारासाठी मात्र ही तुलना बहुतांशी निरुपयोगी आहे. ही पिस्तुले ९ मिलिमीटरची असून शस्त्र कायदा, १९५९ नुसार हा बोअर सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहे. त्याला मिळू शकणारे शस्त्र प्रामुख्याने ०.३२ किंवा ०.२२ बोअरचे असते. शिवाय सामान्य नागरिकांसाठी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे.

तरीही दुहेरी रांगेचा पर्याय पूर्णपणे संपलेला नाही. आयातबंदीपूर्वी देशात आलेली काही विदेशी पिस्तुले परवानाधारकांमध्ये हस्तांतरित होत असतात. इटलीच्या बेरेटा ८१ मध्ये ०.३२ ची १२ काडतुसे बसतात, चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड ८३ मध्ये १५. दुर्मिळतेमुळे अशा पिस्तुलांना मूळ मोलाशी विसंगत किंमत मोजावी लागते. एवढे करूनही हाती येते ते जुने यंत्र. मॅगझिनची स्प्रिंग थकलेली असू शकते, सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि पर्यायी मॅगझिन शोधण्यातच महिने जातात. स्प्रिंग थकली की काडतूस वेळेवर वर सरकत नाही, आणि मग १५ हा आकडा कागदावरच राहतो. म्हणून खरेदीपूर्वी जाणकार शस्त्रदुरुस्तकाकडून तपासणी करून घेणे आणि शस्त्रावरील क्रमांक विक्रेत्याच्या परवान्याशी ताडून पाहणे अत्यावश्यक आहे.

देशी पर्यायांत ०.३२ चे ‘अशनी’ पिस्तूल एकेरी रांगेचे असून त्यात आठ काडतुसे बसतात. २०१४ मध्ये कानपूरहून आलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे असून आरंभी त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. २०२३ मध्ये सादर झालेले ‘प्रबल’ सुमारे ७०० ग्रॅमचे आहे. त्याचे काडतूसचक्र बाजूला उघडते, त्यामुळे काडतुसे भरणे सुकर होते. दोन्ही प्रकारांना ०.३२ म्हटले जात असले, तरी पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांची काडतुसे वेगळी असतात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब असते. नवख्या खरेदीदाराचा गोंधळ होतो तो इथेच.

क्षमतेचा आग्रह धरण्यापूर्वी परवाना नीट वाचावा. एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील, हे त्यावर नमूद असते. सरावासाठीची काडतुसेही सर्वसाधारणपणे त्याच मर्यादेतून खर्च होतात. मोठे मॅगझिन असलेले पण कधीही न चालविलेले पिस्तूल सराव झालेल्या रिव्हॉल्व्हरपेक्षा कमी भरवशाचे होय.

शस्त्र झाकून ठेवणे ही येथे केवळ सोयीची बाब नाही. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरसारख्या योग्य आवरणात, झाकलेले आणि धारकाच्या नियंत्रणात असले पाहिजे. उन्हाळ्यातील सुती सदऱ्याखाली जाड मुठीचे पिस्तूल लपत नाही. एकेरी रांगेच्या चपट्या पिस्तुलाला किंवा आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरला तेथे स्पष्टपणे झुकते माप मिळते. परवान्यावरील क्षेत्रही पाहिले पाहिजे. शहपुऱ्याहून नरसिंहपूरला गेले तरी जिल्हा बदलतो.

२०१९ च्या दुरुस्तीनुसार सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. लग्न वा वरातीत हर्षभराने, निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.