दादाची गिटार आणि मोटारीचा रंग

पावसाळा आला की दादाची गिटार चिकट होते. दादा बोटीवर नोकरीला होता. 2019 साली तो गेला आणि गिटार पेटीतच राहिली. यंदा पुतण्याने ती काढली अन् म्हणाला, "काका, दांडीवर हात सरकत नाही. घासून नुसते तेल लावूया?" माझे मन होईना. बाबांचे चकचकीत वार्निश खरवडायचे? ही कसली नवी फॅशन!

मग थोडे वाचले आणि कळले की उलटेच आहे. नवे आहे ते वार्निश.

आमच्या गोव्यात चर्चच्या संगीतशाळांमुळे व्हायोलिन घराघरांत पोचले. एखाद्या जुन्या वादकाचे व्हायोलिन हातात घेऊन बघा: पोट चमकते, पण मानेला सहसा वार्निश नसते, हलके तेल फिरवलेले असते. हात सरकायला हवा ना! क्रेमोनाच्या स्ट्राडिव्हारीच्या (1644–1737) पाच वाद्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळले ते साधे सुकणारे तेल, लाकडात किंचित मुरलेले, आणि त्यावर तेल-राळेचा थर. याच स्ट्राडिव्हारीने गिटारीही केल्या; 1679 ची एक अजून आहे.

मग हा कडक चकचकीतपणा आला कुठून? मोटारींच्या कारखान्यातून. मोटार रंगवून सुकायला पूर्वी आठवडे लागत. ड्यूपाँ कंपनीचे 'ड्यूको' हे झटपट सुकणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर 1924 च्या ओकलंड मोटारींवर चढले, आणि त्याच दशकात अमेरिकन गिटारवाल्यांनीही लॅकर उचलले. फेंडरने पुढे मोटारींचेच रंग गिटारींना दिले. सोय कारखान्याची होती, हाताची नव्हे.

तेव्हा आम्ही कामाला लागलो. तारा काढल्या, पट्ट्यांच्या बाजूला चिकटपट्टी लावली. मागचे लॅकर खरवडून 150, 220, 320 असा पॉलिश पेपर फिरवला, नेहमी लाकडाच्या रेषेतच. मग ओले फडके पुसले. लाकडाची कुसे उभी राहतात. वाळल्यावर ती 400 ने घासायची. ही पायरी चुकवली तर तेलानंतर दांडी खरखरीत लागते. शेवटी बेलतेलाचा पातळ हात, पंधरा मिनिटांनी उरलेले पुसून कोरडे. दुसऱ्या हाताला घाई नको. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि आपल्या दमट हवेत ते रेंगाळते.

एक मात्र सांभाळा. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. घट्ट होताना तेल तापते. फिलाडेल्फियात 23 फेब्रुवारी 1991 ला अशाच चिंध्यांनी एका उंच इमारतीला आग लागली आणि तीन अग्निशामक जवान गेले.

खरवडताना एक गोष्ट दिसली. दादाचा अंगठा जिथे टेकायचा तिथे लॅकर आधीच झिजले होते, खाली लाकूड गुळगुळीत. तेवढ्या जागी पेपर लावलाच नाही, फक्त तेल दिले. पुतण्याचा अंगठा आता बरोबर तिथेच टेकतो.