कर्नेलचं कूळ जोंधळ्यात

जूनमधली रात्र. आसेगावच्या घरी लॅपटॉपवर लिनक्सचं कर्नेल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, बांधायला बसलो होतो. फ्लेक्स, बायसन, एनकर्सेस ही पॅकेजं ‘ॲप्ट’नं आणून झाली होती. ‘मेक मेन्युकॉन्फिग’ म्हटलं की लांबलचक यादी उलगडते आणि एकेका सुविधेपुढे कौल मागते. चांदणी दिली तर ती सुविधा कर्नेलमध्येच मिसळून जाते. ‘एम’ दिला तर मॉड्यूल होऊन वेगळी राहते आणि गरज पडली की आत येते. रिकामं सोडलं तर विषय संपला. तेवढ्यात चिखलाच्या पायांनी भाऊ आला आणि ओसरीवरून बाबांनी विचारलं, “पानी जिरलं काय रे वावरात?”

जिरलं! चांदणी दिलेल्या सुविधेचं नेमकं हेच होतं. सहज म्हणून दोन्ही शब्दांची मुळं शोधली आणि थक्क झालो. कर्नेल आणि जिरणं एकाच कुळातले निघाले.

संगणकातली वाट सरळ आहे. 1969 साली पेर ब्रिंक हॅन्सन यांनी आरसी 4000 यंत्रासाठी केलेल्या गाभ्याला ‘न्यूक्लियस’ म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कवचाच्या फळातला गर. 25 ऑगस्ट 1991 ला लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता दिली, तोवर त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द ‘कर्नेल’ रुळला होता. फौजेतल्या कर्नलचा याच्याशी संबंध नाही. तो इटालियन ‘कोलोन्ना’चा, म्हणजे सैन्याच्या रांगेचा.

खरी गंमत ‘कर्नेल’ शब्दाच्या मागे आहे. जुन्या इंग्रजीत ‘कॉर्न’ म्हणजे दाणा. डब्याची डबी होते तसा त्याचा छोटा दाणा, कर्नेल. लॅटिन ‘ग्रानुम’ त्याचा सख्खा भाऊ, आणि संस्कृतातला भाऊ ‘जीर्ण’. जॄ हा धातू. त्याचंच ‘जूर्ण’ असं दुसरं रूप प्राकृतात ‘जुण्ण’ झालं आणि मराठीत ‘जुना’. ‘जीर्यते’चं झालं ‘जिरणं’. न जिरलेलं ते अजीर्ण.

पण म्हातारपणाच्या शब्दातून दाणा कसा निघाला? एक जुनं मत असं की मूळ अर्थ घासणं, आणि दळून झिजतो तो दाणा. मला ते पटत नाही. जरा, जरठ, ग्रीकमधला म्हातारा ‘गेरोन’ यांपैकी कुणातच घासणं नाही, आहे ते फक्त वय. ज्वारीचं कणीस हातात घेऊन पाहा. दाणा पक्का झाला की त्याच्या बुडाशी, जिथं तो कणसाला चिकटलेला असतो तिथं, काळा ठिपका उमटतो. ताटाकडून येणारा रस तिथंच थांबतो. दाण्याचं वय झालं. या कुळाला हाच अर्थ शोभतो.

आता माझा लाडका तर्क. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांच्या अभिधानचिंतामणीत ज्वारीची नावं आहेत: यवनाल, देवधान्य, जोन्नाला आणि जूर्णाह्वय. यातल्या शेवटच्या नावाचा अर्थच ‘जूर्ण नावाचं’! ‘जुण्ण’वरून जोन्न, जोन्नाला आणि पुढे आपला जोंधळा, असं मी धरतो. विरोधी पक्ष भक्कम आहे. तेलुगूत ज्वारी म्हणजे जोन्नलु, कन्नडमध्ये जोळ. तेव्हा शब्द द्राविडी आणि जूर्ण हे त्याला मागाहून चढवलेलं संस्कृत सोंग, असं म्हणता येतं. दुसरे यवनालातूनच सगळं काढतात. जोंधळ्यातल्या ‘ध’चं माझ्याकडे उत्तर नाही, हे खरं. तरी मी तर्क सोडत नाही. जोळ किंवा जोन्न ऐकून पंडितांना अनेक शब्द सुचले असते. त्यांना ‘पिकलेलं’ हाच शब्द आठवला, तो त्यांच्या कानात आधीपासून असल्याशिवाय नाही. आज आमच्याकडे सोयाबीननं ज्वारीचं वावर व्यापलंय, म्हणून हे नाव मला अधिकच जपावंसं वाटतं.

रात्री दोनला यादीतल्या शेकडो कौलांनी दमलो. मागच्या कर्नेलची कॉन्फिग फाइल नव्या कर्नेलच्या सोर्स फोल्डरात ठेवली आणि ‘मेक ओल्डकॉन्फिग’ दिलं. ही आज्ञा जुनी उत्तरं तशीच घेते, फक्त नव्यानं आलेल्या सुविधांबद्दल विचारते. जुण्ण, जुना, ओल्डकॉन्फिग. मोजकेच प्रश्न आले. पहिल्यालाच मी ‘वाय’ दिला, म्हणजे चांदणीच.