कोड लिहिला कोणी, हे विचारतो. पोचवला कोणी, हे विचारत नाही

'कर्ल' हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं नसेल. पण ते तुमच्या घरात आहे. मोबाइलमधल्या ॲप्समध्ये, टीव्हीत, नव्या गाड्यांमध्ये, विंडोजच्या लॅपटॉपमध्येसुद्धा. इंटरनेटवरून माहिती आणणं-पाठवणं एवढंच त्याचं काम. ना खिडकी, ना बटणं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की झालं. अशा प्रोग्रामना कमांड-लाइन प्रोग्राम म्हणतात. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी २० मार्च १९९८ ला तो या नावाने पहिल्यांदा प्रसिद्ध केला, आणि आजही त्याची धुरा त्यांच्याचकडे आहे.

मी पोटापाण्यासाठी असलीच छोटी साधनं विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी बांधून प्रसिद्ध करतो. घरच्यांना हे समजावताना मी शेतमालाचं उदाहरण देतो. माल शेतात पिकणं वेगळं आणि निवडून, तोलून, पोती शिवून तो ताटापर्यंत येणं वेगळं. या दुसऱ्या कामाला आमच्याकडे पॅकेजिंग आणि रिलीज म्हणतात. त्याचा इतिहास सांगावासा वाटतो, कारण त्यात आपल्या सगळ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न अडकलाय.

सुरुवात टेपपासून. १९७८ साली बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी युनिक्ससाठीच्या प्रोग्रामांचा संच केला आणि त्याच्या साधारण ३० प्रती टेपवर पाठवल्या. १९८५ च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन ईमॅक्सची टेप १५० डॉलरला पाठवत. प्रोग्राम फुकट वाटायला मोकळे, पैसे पोचवण्याच्या कामाचे! म्हणजे पोचवणं हेही काम आहे, त्याला दाम आहे, हे तेव्हा सरळ मान्य होतं.

पण टेपवर यायचा तो कच्चा कोड. प्रत्येक कंपनीचं युनिक्स वेगळं. एका मशीनवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर आडवा पडायचा. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेंझी यांनी 'ऑटोकॉन्फ' लिहायला घेतलं. त्यातून तयार होणारी स्क्रिप्ट आधी मशीनलाच विचारते, बाबा, तुझ्याकडे काय आहे, काय नाही? मग त्याप्रमाणे प्रोग्राम बांधला जातो. या स्क्रिप्टा लांबलचक आणि किचकट असतात. त्या चालवतात सगळे, वाचत मात्र कोणी नाही. हे लक्षात ठेवा, पुढे चोर याच दारातून आला.

१९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केलं आणि चित्र बदललं. आता कच्चा कोड नाही, तयार पॅकेज. आत प्रोग्राम, सोबत चिठ्ठी: याला आणखी काय काय लागतं, काढायचं कसं. एकेका पॅकेजची जबाबदारी एकेका स्वयंसेवकाच्या किंवा छोट्या गटाच्या अंगावर. १९९९ पासून 'ॲप्ट'मुळे एका आज्ञेत सगळं आपोआप येऊ लागलं. मॅकवाल्यांसाठी २००९ मध्ये मॅक्स हॉवेल यांनी होमब्रू आणलं. आपल्या सी-डॅकची 'बॉस' ही ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा डेबियनवरच उभी आहे. म्हणजे जगभरातल्या त्या स्वयंसेवकांच्या कष्टावर आपलं सरकारी कामही चालतं.

सोय झाली, आणि सोयीबरोबर विसरही पडला. एका आज्ञेत मिळणाऱ्या गोष्टीमागे माणूस असतो, हेच लोक विसरले.

२२ मार्च २०१६ ला त्याचा पहिला मोठा झटका बसला. 'लेफ्ट-पॅड' हा जावास्क्रिप्टचा जेमतेम ११ ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने नावावरून झालेल्या वादात मागे घेतला, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या हजारो प्रकल्पांचं बांधकाम जगभर अडलं. काही तासांत तो परत आणावा लागला.

जानेवारी २०२२ मध्ये स्टेनबर्ग यांना अब्जावधींची उलाढाल असलेल्या एका कंपनीची मेल आली. लॉगफोरजे नावाच्या दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये धोकादायक खोट सापडली होती. तुमच्याकडे तिचा काय परिणाम आहे, २४ तासांत कळवा! कंपनीने त्यांना एक पैसाही दिलेला नव्हता. त्यात लॉगफोरजे जावातलं, कर्ल सी भाषेतलं, संबंधच नाही. त्यांनी उत्तर दिलं, सपोर्टचा करार करा, आनंदाने सांगतो. मेल पाठवणाऱ्यांना वाटलं असणार, पुरवठादार आहे, जाब विचारू. पण ज्याला तुम्ही कधी पैसेच दिले नाहीत, तो तुमचा पुरवठादार कसा?

आणि मग २९ मार्च २०२४. मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं. त्यांनी खणून काढलं. फायली दाबून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. ज्याच्याकडे गुप्त किल्ली, त्याला दूरवरून त्या मशीनवर हवी ती आज्ञा चालवता आली असती.

हे घडलं कसं? एक्सझेड वर्षानुवर्षं लासे कॉलिन हे एकटे सांभाळत होते, छंद म्हणून, बिनपगारी. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला: काम हळू चाललंय, दुसऱ्याला घ्या. मानसिक त्रासातून जात असल्याचं त्यांनी तिथेच सांगितलंही होतं. त्याच सुमारास 'जिया टॅन' नावाचा एक मदतनीस मनापासून काम करत होता. हळूहळू रिलीज काढण्याचे अधिकार त्याच्याकडे गेले. घातक भाग त्याने चाचणीच्या फायलींत दडवला. तो चालू करणाऱ्या ओळी मात्र सगळ्यांसमोरच्या कोडमध्ये नव्हत्याच. त्या होत्या फक्त रिलीजच्या गाठोड्यात, त्या न वाचल्या जाणाऱ्या ऑटोकॉन्फच्या स्क्रिप्टांमध्ये. शेत स्वच्छ होतं. भेसळ पोतं शिवताना झाली.

डेबियन आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत ते पोचलंही होतं. आणखी काही महिने गेले असते तर जगभरच्या सर्व्हरमध्ये गेलं असतं. वाचलो ते एका माणसाच्या चिकाटीमुळे.

यानंतर काही चांगलंही घडलं. त्याच वर्षी स्टेनबर्ग यांनी कर्लचं रिलीज असं केलं की कोणीही तेच गाठोडं घरी पुन्हा बांधून बाइट न् बाइट ताडून पाहावं. जर्मनीने २०२२ पासूनच सरकारी निधीतून अशा प्रकल्पांना पैसे द्यायला सुरुवात केली होती, त्यात कर्लही होतं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये झिरोधाने वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. त्याच महिन्यात सर्ट-इनने सॉफ्टवेअरमध्ये कुठले घटक वापरलेत त्याची यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या.

यादी हवीच. पण यादीने कोणाचं घर चालत नाही. मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या असं केंद्राचं धोरण २०१५ पासून आहे, आणि लायसन्सचा खर्च वाचतो हे आपण अभिमानाने सांगतो. मग वाचलेल्या पैशातला थोडा वाटा, अगदी शंभरातला एक रुपया, ते सांभाळणाऱ्यांकडे का जाऊ नये? महापालिका, विद्यापीठ, सहकारी बँक यांच्या निविदेत ही एक अट घालायला कोणाची हरकत आहे?

तुमच्यापैकी कोणी अशा निविदांच्या कामात असाल तर जरूर सांगा, ही अट घालता येईल का, आणि अडचण नेमकी कुठे येते. कॉमेंटमध्ये बोलूच.