नोंदणीपुस्तकात न उतरलेली दुरुस्ती : प्रीमियर पद्मिनीचे पुढील सस्पेन्शन, ब्रेक आणि खानदेशातील गॅरेज

प्रस्तावना

इतिहासग्रंथांत धरणगावचा उल्लेख प्रामुख्याने दोन संदर्भांत येतो. १८२५ साली जेम्स औट्रमने उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीचे ठाणे येथे होते आणि १८९० साली बालकवी ठोमरे यांचा जन्म येथे झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तालुक्याच्या गावाचा जळगाव, अमळनेर, चोपडा व धुळे यांच्याशी असलेला व्यवहार ज्या यंत्राने बदलला, त्या मोटारीविषयी मात्र फारसे लिहिले गेलेले नाही. जेथे लिहिले गेले तेथे ते एस. टी. आणि मालवाहतुकीविषयी आहे. डॉक्टर, वकील, अडत्या किंवा बागायतदार यांच्या दारात उभी असणारी लहान खासगी गाडी आणि ती चालती ठेवणारा गॅरेजवाला मिस्त्री हे दोघेही या लेखनाच्या कक्षेबाहेर राहिले आहेत.

प्रस्तुत निबंधात या दुर्लक्षित इतिहासाच्या एका मर्यादित अंगाचा विचार केला आहे. लहान गाडीचे पुढील सस्पेन्शन व ब्रेक काढून त्यांच्या जागी दुसऱ्या गाडीचे उतरवलेले भाग बसविण्याची जी पद्धत भारतात रूढ झाली, ती कोणत्या परिस्थितीतून निर्माण झाली आणि तिची नोंद कोठेच का आढळत नाही, हा येथील प्रश्न आहे. ज्या गाडीचे भाग काढून घेतले जातात तिला पुढे 'दाता गाडी' असे म्हटले आहे. विवेचनासाठी प्रीमियर पद्मिनी ही गाडी निवडली आहे. ती महाराष्ट्रात तयार होत होती आणि खानदेशात ती अखेरपर्यंत 'फियाट' याच नावाने ओळखली गेली.

एका गाडीची दोन आयुष्ये

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. खानदेशच्या वेशीवरील मालेगाव तालुक्यात रावळगावची शेती व साखर कारखाना उभारणारे उद्योगपती ते हेच. कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात प्रथम अमेरिकन बनावटीच्या गाड्यांची जुळणी झाली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन १९५४ पासून '११००' या मालिकेतील गाडी तेथे तयार होऊ लागली. १९६४ साली तिची 'डिलाइट' ही आवृत्ती आली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' अशी नावे बदलली. १०८९ घनसेंटिमीटरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन, पुढे कॉईल स्प्रिंगचे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे पाट्यांची कमान आणि चारही चाकांना ड्रमब्रेक ही तिची मूळ मांडणी होती. नावे बदलली, जाळी व दिवे बदलले. ही मांडणी मात्र मूलतः तीच राहिली.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. इटलीत याच मालिकेची '११०० आर' ही आवृत्ती १९६६ साली बाजारात आली आणि तिच्या पुढच्या चाकांना डिस्कब्रेक होते. १९६९ साली ती मालिकाच तेथे संपली आणि तिची जागा फियाट १२८ या नव्या गाडीने घेतली. कुर्ल्याची गाडी मात्र ड्रमब्रेकसह चालू शतकाच्या उंबरठ्यापर्यंत तयार होत राहिली. म्हणजे एकाच कुळातील गाडीने मायदेशी जी सुधारणा स्वीकारली, ती येथे तीन दशकांहून अधिक काळ ग्राहकापर्यंत आली नाही. यासाठी केवळ कारखानदारास दोष देणे अनैतिहासिक ठरेल. १९५१ चा उद्योग (विकास व नियमन) कायदा, आयातीवरील निर्बंध, परकीय चलनाची टंचाई, १९६९ मधील वैधानिक किंमतनियंत्रण आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबणारा ग्राहक अशी ती व्यवस्था होती. गाडी हाती येण्यापूर्वीच विकली गेलेली असे. तिचे ब्रेक सुधारून कोणाचाही व्यापारी लाभ होणार नव्हता.

सुधारणेची गरज मात्र थांबली नव्हती. ती कारखान्याच्या दारातून निघून गॅरेजच्या दारात आली.

घाट, उतार आणि तापलेला ड्रम

खानदेशाचा बहुतांश भाग तापीच्या खोऱ्यातील सपाट मुलूख असल्याने ब्रेकचा प्रश्न येथे तीव्र नसावा असे वाटणे शक्य आहे. परंतु या मुलखातून बाहेर पडणारे अनेक रस्ते घाटाचे आहेत. उत्तरेस आग्रा रस्त्यावर बिजासन घाट आहे. दक्षिणेस चाळीसगाव व कन्नड यांच्या दरम्यानचा घाट, ज्याला आजही औट्रमचेच नाव आहे. पूर्वीच्या औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, धरणगावकडे परतणारी गाडी हा घाट उतरून खानदेशात येऊ शकते.

उतारावर ब्रेकला काय सोसावे लागते हे साध्या गणिताने समजते. माणसे व सामान धरून १२०० किलोग्रॅमची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबविताना ब्रेकला सुमारे तीन लक्ष जूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात सामावून घ्यावी लागते. तीच गाडी उंचीने १०० मीटर खाली उतरताना सुमारे बारा लक्ष जूल ऊर्जा मुक्त होते. इंजिनचा रोध काही भार उचलतो हे खरे. परंतु चालकाने खालचा गियर न घेता केवळ ब्रेकवर गाडी उतरविली तर दर शंभर मीटरला सपाटीवरील चार पूर्ण थांब्यांइतकी उष्णता त्या बंद ड्रममध्ये कोंडली जाते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनरची पकड कमी होते, पेडल खोल जाऊ लागते आणि चालकाच्या पायाला जे जाणवते त्याचे वर्णन गॅरेजच्या भाषेत 'ब्रेक लागतच नाही' असे होते. डिस्कची थाळी मात्र उघड्या हवेत फिरते आणि तापून जाड झाली तरी पॅडपासून दूर न जाता त्याच्याच दिशेने सरकते.

हे ज्ञान नवे नव्हते. फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्कब्रेकचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते. १९५३ च्या ल माँ शर्यतीत डिस्कब्रेकच्या जॅग्वार गाडीने विजय मिळविला आणि १९५५ च्या सिट्रोएन डीएसने ते कुटुंबाच्या गाडीत आणले. भारतीय मध्यमवर्गाच्या हाती ते व्यापक प्रमाणावर आले ते मारुतीमुळे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. १९८६ च्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत पुढे डिस्कब्रेक आणि मॅकफर्सन स्ट्रट होते. गाड्यांची संख्या वाढली, अपघातग्रस्त व निकामी गाड्याही वाढल्या आणि कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात हब, थाळी, कॅलिपर यांचे ढीग दिसू लागले. पद्मिनीचा जन्म झाला त्याच कुर्ल्यात तिच्या सुधारणेचा कच्चा मालही मिळू लागला, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.

'बसवला की झाले' एवढे हे काम सोपे नव्हते. पुढचे संपूर्ण सस्पेन्शन बदलायचे तर दाता गाडीच्या मॅकफर्सन स्ट्रटला वर टेकण्यासाठी बळकट बुरूज लागतो. दोन विशबोनांच्या मांडणीसाठी घडविलेल्या फियाटच्या सांगाड्यात तो नसतो. तो पत्र्याने वेल्डिंग करून उभारणे धोक्याचे असते. म्हणून शहाणा मिस्त्री मूळ विशबोन व स्टब ॲक्सल कायम ठेवतो आणि केवळ हब, थाळी व कॅलिपर बाहेरून आणतो. त्यासाठी बेअरिंगच्या मापाचे वाटे लेथवर कातावे लागतात, चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ जुळवावे लागते आणि कॅलिपर धरण्यासाठी जाड पोलादी पट्टी तयार करून ती बोल्टांनी बसवावी लागते. घडीव स्टब ॲक्सलवर थेट वेल्डिंग केले तर उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो. असा भाग वर्षभर चालतो आणि एके दिवशी खड्ड्यात तुटतो.

याहून सूक्ष्म प्रश्न द्रवदाबाचा आहे. कॅलिपरचा पिस्टन ड्रममधील व्हील सिलिंडरपेक्षा बराच मोठा असतो. त्याला अधिक तेल लागते. जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर पेडल फरशीपर्यंत जाते. शिवाय ड्रमच्या रचनेत नळीत थोडा दाब कायम राखणारी झडप असते; ती न काढल्यास डिस्कचे पॅड सतत घासत राहून थाळी तापते. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पुढच्या व मागच्या चाकांमधील समतोलाचा. मागची चाके आधी अडकली तर गाडी रस्त्यावर गिरकी घेते. ज्याने हे सर्व ताळ्यावर आणले त्याने पाठ्यपुस्तक न उघडता यंत्रशास्त्राची कठीण परीक्षा दिली असेच म्हणावे लागेल. ज्याने आणले नाही, त्याच्या हातची गाडी मूळ गाडीपेक्षाही घातक ठरली. या दोघांत भेद करण्याचे कोणतेही साधन ग्राहकापाशी नव्हते.

इंग्लंडमधील मॉरिस मायनरचे उदाहरण येथे ताडून पाहता येते. हीच गाडी 'बेबी हिंदुस्थान' या नावाने भारतातही आली होती. तिच्या ड्रमच्या जागी रायली १.५ चे मोठे ड्रम किंवा मॉरिस मरीनाचे डिस्क बसविण्याची पद्धत तेथे सर्वपरिचित आहे. मरीनाचे पुढील सस्पेन्शन मायनरच्याच वंशातील असल्याने ती जुळणी तुलनेने सोपी होते. लोटसने तर आपल्या गाड्यांसाठी ट्रायम्फ हेराल्डचे पुढील भाग घेतले. तेथे मालकसंघांनी मापे छापली, तयार संच विकले आणि विमा कंपनीला बदल कळविण्याची रीत पडली. येथे तेच ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी गेले.

याबाबत आपल्याकडील शब्दयोजनाही पक्षपाती आहे. हिंदुस्थान मोटर्सने व्हॉक्सहॉलच्या आराखड्याच्या कॉन्टेसात आरंभी अँबॅसडरचे इंजिन बसविले, प्रीमियरने फियाट १२४ च्या सांगाड्यात निस्सानचे इंजिन घालून '११८ एनई' काढली. त्यास अभियांत्रिकी म्हटले गेले. मिस्त्रीने तेच तत्त्व पुढच्या चाकाला लावले की तो 'जुगाड' होतो.

नोंदणीपुस्तकाचे मौन

या कामाचे लेखी पुरावे शोधू जाता अभ्यासकाच्या हाती फारसे काही लागत नाही, आणि त्याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने वाहनातील बदल नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन घातले होते. १९८८ च्या कायद्यातील कलम ५२ ने ते चालू ठेवले. २००० सालच्या दुरुस्तीने ते अधिक कठोर झाले : नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकास करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला.

परंतु प्रमाणपत्रातील रकाने कोणते? इंजिन क्रमांक, चॅसी क्रमांक, इंधन, घनक्षमता, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचे वजन, चाकांमधील अंतर, रंग. ब्रेक ड्रमचा की डिस्कचा, याला रकाना नाही. परिणामी इंजिन बदलले की प्रकरण कार्यालयात जाते आणि कागद तयार होतो. ब्रेक बदलला की काहीच तयार होत नाही. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीच्या वेळी निरीक्षक ब्रेक लागतो की नाही हे पाहतो, तो कोणत्या गाडीचा आहे हे लिहीत नाही. ज्या भागावर प्रवाशांचा जीव अवलंबून आहे तोच भाग दप्तरात अदृश्य आहे. शासकीय दप्तर हेच ज्याचे प्रमुख साधन आहे अशा इतिहासलेखनाला हा मिस्त्री दिसत नाही, तो याच कारणाने.

हा अभाव आता निकडीचा झाला आहे. मुंबईतील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ ची होती. वीस वर्षांची मर्यादा पूर्ण होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सीचे पर्व संपले. तालुक्याच्या गावांतील खासगी गाड्या त्याआधीच मोठ्या प्रमाणात भंगारात गेल्या. गाडी वितळली की तिच्या स्टब ॲक्सलवरील लेथच्या खुणाही वितळतात.

उरलेल्या गाड्यांपुढे आणखी एक पेच आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीची व्यवस्था केली. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत ही तिची अट आहे. १९७४ च्या पहिल्या पद्मिनीने २०२४ साली पन्नाशी गाठली. औट्रम घाट निर्धोक उतरता यावा म्हणून एखाद्या मालकाने नव्वदच्या दशकात तिला डिस्कब्रेक लावून घेतले असतील, तर वारशाच्या दृष्टीने तो दोष ठरावा काय? मूळ ड्रम पुन्हा बसविल्यास गाडी प्रदर्शनास अधिक पात्र आणि रस्त्यास कमी पात्र होईल. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र नंतर बसविलेला कॅलिपर हाच अधिक मोलाचा पुरावा आहे, कारण कारखान्याचा ड्रम कसा होता हे आराखड्यांवरून कळते. कॅलिपर कोणी, कशाच्या आधारे, कोणती पट्टी कातून बसविला हे अन्य कोठूनही कळणार नाही.

तेव्हा जिल्ह्यात शिल्लक असलेल्या प्रत्येक गाडीबाबत निदान चार गोष्टींची नोंद करणे शक्य आहे : हब व कॅलिपरवरील ओतीव खुणा, पट्टीची जाडी व ती वेल्डिंगची आहे की बोल्टांची, मास्टर सिलिंडर मूळचा आहे की बदललेला, आणि हे काम ज्याच्या हातून झाले त्या मिस्त्रीचे स्वतःचे निवेदन. पहिल्या तीन गोष्टी गाडी उभी आहे तोवर पाहता येतील. चौथीसाठी तेवढा अवधी नाही; १९८६ नंतरच्या पहिल्या दशकात हे काम शिकलेले कारागीर आज साठीच्या आसपास आहेत.