सेरेन्डिपिटी
सेरेन्डिपिटी : (नाम) ज्याच्या शोधात आपण नव्हतो अशी मोलाची गोष्ट योगायोगाने सापडणे आणि तिचे मोल वेळीच उमगणे. हा शब्द कोणी व कधी घडवला हे तारखेनिशी ठाऊक आहे. असे भाग्य फार थोड्या शब्दांना लाभते. इंग्रज लेखक हॉरेस वॉलपोल (१७१७–१७९७) याने फ्लॉरेन्समधील ब्रिटिश प्रतिनिधी हॉरेस मान याला २८ जानेवारी १७५४ रोजी लिहिलेल्या पत्रात तो प्रथम योजला. व्हेनिसच्या घराण्यांच्या कुलचिन्हांचे जुने पुस्तक चाळताना कापेलो घराण्याविषयीचा एक तपशील त्याला अवचित गवसला होता. अशा गवसण्याला त्याने हे नाव दिले.

नावाचे मूळ ‘सेरेन्दिपचे तीन राजपुत्र’ या कथेत आहे. सेरेन्दिप हे श्रीलंकेचे जुने अरबी-फार्सी नाव, ‘सिंहलद्वीप’वरून आलेले. कथा १५५७ मध्ये व्हेनिसमध्ये इटालियन भाषेत छापली गेली. तिचा बराच ऐवज मात्र दिल्लीच्या अमीर खुस्रोच्या ‘हश्त बिहिश्त’ या फार्सी काव्यातला. तिच्यातला हरवलेल्या उंटाचा प्रसंग फार सुरेख आहे. राजपुत्रांनी उंट पाहिलेलाही नसतो. पण वाटेच्या एकाच बाजूचे, तेही खुरटे, गवत खाल्लेले दिसते, म्हणजे तो एका डोळ्याने आंधळा. एक पाय फरपटल्याची खूण आहे, म्हणजे लंगडा. वाटेच्या एका कडेला मुंग्या आणि दुसऱ्या कडेला माश्या, म्हणजे पाठीवर एकीकडे लोणी, दुसरीकडे मध. इतके अचूक सांगितल्यामुळे चोरीचा आळ त्यांच्यावरच येतो आणि उंट सापडेपर्यंत त्यांना कैदेत राहावे लागते.

वॉलपोलने योगायोग आणि चाणाक्षपणा या दोन्ही अटी घातल्या होत्या. उंटाचा प्रसंग खरे तर निव्वळ तर्काचा, त्यामुळे वॉलपोलने दिलेला हा दाखला त्याच्याच व्याख्येत नीट बसत नाही. व्याख्या मात्र पक्की आहे. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंगच्या जंतूंच्या बशीत बुरशी आली ती योगायोगाने. तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाल्याचे त्याने हेरले, म्हणून पेनिसिलिनचा शोध लागला.

वॉलपोलने मानला लिहिलेली पत्रे १८३३ मध्ये छापली गेली, तरी शब्द बराच काळ ग्रंथप्रेमींपुरताच राहिला. विसाव्या शतकात तो विज्ञानात रुळला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने १९४५ मध्ये संशोधनावरील आपल्या पुस्तकात त्यावर एक प्रकरणच लिहिले. आता तो कोणत्याही सुखद योगायोगाला लावतात. हा वापर तोकडा आहे. काकतालीय न्याय, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हाही योगायोगापाशीच थांबतो. म्हणून मराठी पर्याय म्हणून तो देऊ नये.