पैसा सरकारचा, कारभार खासगी : 1882 चे एक निवेदन

सरकारने पैसा द्यावा आणि शाळा खासगी मंडळाने चालवावी, अशा शाळेला अमेरिकेत चार्टर स्कूल म्हणतात. मिनेसोटा राज्याने 1991 मध्ये त्यासाठी पहिला कायदा केला, आणि पुढे तिथल्या दोन्ही मोठ्या पक्षांनी ही कल्पना उचलून धरली. आपल्याकडे तिचा मसुदा 1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यातच सापडतो, तोही अटींसकट : शाळेत चांगले ऐहिक शिक्षण मिळावे, स्थानिक व्यवस्थापन असावे, सरकारी तपासणी मान्य असावी, थोडी तरी फी घेतली जावी, मग अनुदान.

या व्यवस्थेचा हिशेब घ्यायला 1882 मध्ये हंटर आयोग बसला. त्याच्यापुढे 19 ऑक्टोबर 1882 रोजी पुण्याहून एक इंग्रजी निवेदन गेले. लिहिणाऱ्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, सातारा जिल्ह्यातल्याच फलटणपासून फार लांब नाही. जोतीराव फुल्यांच्या या निवेदनातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक आहे. अनुदानाविषयीचा मजकूर मात्र क्वचितच कुणी उद्धृत करते.

तो असा. परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला मुळीच उपयोगाची नाही, कारण त्यांच्यात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही. अशा वस्तीत कुणी शिक्षक आपल्या हिमतीवर शाळा काढणार नाही. त्यात त्याचे पोट भरणार नाही. म्हणून तिथे सरकारी शाळाच हव्यात. सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेतले तर वरच्या, पैसेवाल्या वर्गात थोडेफार स्वावलंबन येईलही, पण शिक्षणाचे जे नुकसान होईल ते भरून काढायला वर्षे लागतील. हे लिहिणारा माणूस सरकारी नोकर नव्हता. त्याने स्वतः खासगी शाळा काढून चालवल्या होत्या, आणि निवेदनाच्या सुरुवातीलाच त्या अनुभवाचा हवाला दिला होता. खासगी प्रयत्नाची मर्यादा सांगायला याहून पक्का साक्षीदार कोणता? आयोगाने शिफारस केली ती उलट दिशेची : माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू बाजूला व्हावे, आणि प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे जाव्यात.

फलटणला तेव्हा हा प्रश्न पडलाच नाही. निंबाळकरांचे संस्थान ब्रिटिश मुलखाबाहेर होते, शाळा दरबारच्या तिजोरीवर चालत. मार्च 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि गाव अनुदानाच्या नियमांखाली आले.

त्याआधीपासूनच सातारा जिल्ह्यात एक वेगळीच गोष्ट घडत होती. फुल्यांचे म्हणणे खोडणारा पुरावा म्हणून रयत शिक्षण संस्थेकडे बोट दाखवता येते. 1919 मध्ये काले गावी निघालेल्या या खासगी संस्थेने गरिबांच्याच मुलांना शिकवले. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी पोट भरण्यासाठी शाळा काढल्या नव्हत्या. लोकवर्गणी, वसतिगृहे आणि ‘कमवा आणि शिका’ यांवर त्या उभ्या राहिल्या. शिवाय गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांनी सरकारवर टीका केली, तेव्हा मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाने रयतचे अनुदान थांबवले. पुढे लोकांच्या रेट्यामुळे ते सुरू झाले. अनुदानाच्या अटींत राजकीय निष्ठा कुठेच लिहिलेली नव्हती. वुडच्या खलित्यातही नव्हती.

फलटणमध्ये 1984 मध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली. तिची कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा. खासगी हातांनी तालुक्यात चांगले काम होते, याचा हा दाखला. पण एक शाळा म्हणजे धोरण नव्हे.

धोरण आले सप्टेंबर 2023 मध्ये, ‘दत्तक शाळा’ योजनेचा शासन निर्णय म्हणून. हा पुरता चार्टर नव्हे : देणगीदाराने वस्तू व सुविधा द्यायच्या, हवे तर शाळेला आपले नाव द्यायचे, कारभारात हात घालायचा नाही. तरीही त्यातला दरांचा तक्ता फुल्यांच्या निवेदनाशेजारी ठेवून वाचावा. पाच वर्षांसाठी अ आणि ब वर्ग महानगरपालिकेची शाळा दत्तक घ्यायची तर देणगी 2 कोटींची, क वर्गाची 1 कोटीची, आणि ड वर्ग, नगरपरिषद व ग्रामीण भागातली 50 लाखांची. पैसेवाला कुठे येईल आणि कुठे येणार नाही, याचा सरकारचाच अंदाज यात दिसतो. फलटणची नगरपरिषद आणि तालुक्यातली गावे शेवटच्या ओळीत बसतात.