विजेची दुचाकी आणि इंदूर शहर

वाहनांचा इतिहास बहुधा श्रीमंतांच्या वाहनांचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर यांच्या संग्रही असलेल्या बुगाटी आणि ड्यूसेनबर्ग या मोटारींची वर्णने आजही परदेशांतील ग्रंथांत वाचावयास मिळतात. त्याच काळी, त्याच शहरात, दरबारच्या कचेरीत अगर कापडगिरणीत वेळेवर हजर होण्यासाठी रोज सकाळी पायडल मारीत जाणाऱ्या असंख्य माणसांच्या सायकलींचे वर्णन मात्र कोणी लिहून ठेवले नाही. वास्तविक शहराचा पसारा राजाच्या मोटारीवरून ठरत नाही. सामान्य माणूस सकाळी घरून निघून किती अंतर तोडू शकतो, त्यासाठी त्याला किती वेळ व किती पैसा घालवावा लागतो, यावरून तो ठरतो. अलीकडे इंदूरच्या रस्त्यांवर हिरव्या क्रमांकपट्टीच्या, आवाज न करता जाणाऱ्या विजेच्या दुचाकी दिसू लागल्या आहेत. त्यांचे खरे मोल जाणावयाचे असेल, तर या अंतराची कथा आरंभापासून पाहिली पाहिजे.

१८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली. तेव्हाचे इंदूर हे पायी चालणाऱ्यांचे गाव होते. कान्ह आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठी जुनी वस्ती, मध्ये राजवाडा, भोवती सराफा, कापडबाजार आणि धान्याच्या पेठा. घर आणि दुकान यांत फार तर अर्ध्या घटकेची चाल. कारकून, पुराणिक, सराफ, शिलेदार हे सारे हाकेच्या अंतरावर राहत. रामबाग, नारायण बाग यांसारख्या मराठी वस्त्याही राजवाड्यापासून फार दूर नव्हत्या. त्या काळी वाहन म्हणजे प्रतिष्ठा होती, गरज नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. दुसऱ्या तुकोजीरावांनी रेल्वेसाठी इंग्रज सरकारास एक कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि १८७० नंतरच्या दशकात खांडव्याहून नर्मदा ओलांडून लोहमार्ग इंदुरास आला. सरकारी कापडगिरणी निघाली, पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, भंडारी अशा गिरण्यांची रांगच उभी राहिली. १८९१ मध्ये होळकर कॉलेज सुरू झाले, तेही गावाबाहेर आग्रा-मुंबई रस्त्यावर. १९०६ मध्ये शहरात वीज आली. या साऱ्याचा एकत्रित परिणाम असा झाला की, घर एकीकडे आणि काम दुसरीकडे, ही गोष्ट इंदुरात प्रथमच मोठ्या प्रमाणावर घडू लागली. भोंगा वाजण्यापूर्वी गिरणीच्या दाराशी पोहोचलेच पाहिजे, हा नवा नियम आला. ज्याची चाल मंद, त्याची मजुरी बुडाली.

याच सुमारास स्कॉटलंडचे नगररचनाशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने पाचारण केले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेगने गांजलेल्या या शहरात त्यांनी दिवाळीची एक आगळी मिरवणूक काढविली. ज्या मोहल्ल्यांनी आपले रस्ते स्वच्छ केले असतील त्यांतूनच ती जाईल असे जाहीर केले आणि तीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा फिरविली. परंतु गेडिस यांचे अधिक महत्त्वाचे सांगणे रस्त्यांविषयी होते. जुनी घरे सरसकट पाडून रुंद सरळ रस्ते काढणे म्हणजे रोग्यासकट रोग मारणे होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. जेथे जरूर तेथेच, आणि जेवढी जरूर तेवढीच, जपून शस्त्रक्रिया करावी, असे ते म्हणत. रस्ता हा माणसांसाठी असतो, हे त्यांनी इंदुरास सांगितले तेव्हा येथे मोटारी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

गिरणी, कॉलेज आणि कचेरी यांच्या वाढत्या अंतराला सामान्य माणसाचे उत्तर होते सायकल. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची व साखळीची सायकल बाजारात आणली आणि १८८८ मध्ये डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. या दोन गोष्टींनी सायकल सर्वांच्या आटोक्यात आणली. आपल्याकडे आरंभी रॅले, बी.एस.ए., हर्क्युलिस, हंबर अशा विलायती सायकली येत, आणि कारकुनाला ती घ्यावयाची तर कित्येक महिन्यांची बचत मोडावी लागे. स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना येथे कारखाने उभे राहिले आणि सायकल घराघरांत आली. पायी चालणारा तासाला चार-पाच किलोमीटर जातो, तर सायकलवाला विशेष श्रम न करता बारा-पंधरा. म्हणजे तेवढ्याच वेळात माणसाची मजल तिप्पट झाली. गिरण्यांच्या पलीकडे परदेशीपुरा, नंदानगर अशा कामगारांच्या वस्त्या वाढल्या, त्यांस सायकलीचा मोठाच आधार होता. पाळी सुटल्यावर गिरणीच्या दारातून बाहेर पडणारा सायकलींचा लोंढा हे गिरणगावांचे नित्याचे दृश्य होते.

सायकलीला विजेची जोड देण्याची कल्पना मात्र समजली जाते तितकी नवी नाही. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रुव्हे या फ्रेंच कारागिराने पॅरिसच्या रस्त्यावर विजेवर चालणारी तिचाकी चालवून दाखविली. ३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेत ऑग्डन बोल्टन याला विजेच्या सायकलीचे पेटंट मिळाले. त्याच्या आराखड्यात मोटार मागील चाकाच्या तुंब्यातच बसविली होती, आणि आजच्या कित्येक ई-बाईकमध्ये ती तेथेच असते. मग ही सायकल शंभर वर्षे अडून का राहिली? अडचण मोटारीची नव्हती, बॅटरीची होती. १८५९ मध्ये गास्तों प्लांते याने शोधून काढलेली शिसे-आम्लाची बॅटरी वजनाला जड. एक किलो वजनामागे ती फार तर तीस-चाळीस वॅट-तास वीज साठवी. माणसाने सायकल चालवावी की बॅटरीचे ओझे वाहावे, असा प्रश्न पडे. तेवढ्यात पेट्रोल आले आणि जगाने तोच मार्ग धरला.

इंदूरनेही तोच धरला, आणि या मार्गाचे बरेचसे धागे पुण्याशी जोडलेले आहेत. पुण्याच्या कारखान्यातून १९७२ मध्ये चेतक स्कूटर निघाली. तिच्यासाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीची लूना आली. ती दिसावयास सायकलीसारखी, पायडलही असलेली, पण पेट्रोलवर पळणारी. शिक्षक, टपालखात्यातील नोकर, दूधवाले, फेरीवाले यांना ती परवडली. १९८४ मध्ये कायनेटिकने जपानच्या होंडा कंपनीशी भागी केली आणि या भागीतली स्कूटर तयार होऊ लागली ती इंदूरजवळच्या पिथमपुरात. या स्कूटरला गिअर नव्हते आणि ती लाथ न मारता बटण दाबून सुरू होई. पातळ नेसून वा सलवार-कमीज घालून बँकेत, शाळेत, इस्पितळात जाणाऱ्या स्त्रियांना या एका बटणाने दिलेले स्वातंत्र्य लहान नव्हते. वडिलांची, भावाची अगर नवऱ्याची सोय पाहून बाहेर पडण्याची अट त्याने पुष्कळच सैल केली.

परंतु प्रत्येक सोयीची एक किंमत असते व ती मागाहून कळते. वाहन वेगवान झाले की अंतर कमी होईल असे वाटते. प्रत्यक्षात शहर त्या वेगाच्या हिशेबाने पसरते आणि अंतर पुन्हा तेवढेच होऊन बसते. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली. तिच्या कामगारांची थकलेली देणी मिळण्यास पुढे बत्तीस वर्षे लागली, ती २०२३ च्या अखेरीस मिळाली. इतर गिरण्याही एकामागून एक थंडावल्या. काम शहराच्या मध्यातून उठले आणि पिथमपूर, विजयनगर, सुपर कॉरिडॉर येथे गेले. १९५१ मध्ये सुमारे तीन लाखांचे असलेले शहर २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांवर गेले. आज राजेंद्रनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलगी सुपर कॉरिडॉरवर नोकरीस जाते, तेव्हा तिला एका बाजूनेच दहा-बारा किलोमीटर तोडावे लागतात. तिच्या आजोबांना कचेरीत जाण्यास दुचाकी सोयीची होती. नातीला ती अपरिहार्य झाली आहे. अशा घरात पेट्रोलचा भाव वाढणे म्हणजे पगार कमी होणेच होय.

या ठिकाणी विजेच्या दुचाकीचा प्रवेश होतो. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. तिच्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी किलोमागे शिशाच्या बॅटरीच्या चार-पाच पट वीज साठविते. बोल्टनच्या चाकाला शंभर वर्षे जे हवे होते ते अखेर मिळाले. भारतात या शतकाच्या पहिल्या दशकात आलेल्या विजेच्या दुचाकी बहुधा जुन्याच बॅटरीवर चालत आणि लवकर थकत. नव्या बॅटरीवरील गाड्यांचा खरा प्रसार २०१८ नंतरचा. चेतक हे जुने नाव घेऊन २०२० च्या आरंभी विजेची स्कूटर पुण्यात विक्रीस आली आणि २०२४ मध्ये लूनाही विजेवर परतली. कायद्याने यांत दोन वर्ग केले आहेत. ज्या गाडीची मोटार २५० वॅटपर्यंतची व वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, तिला नोंदणीची वा परवान्याची जरूर नाही. त्यावरील प्रत्येक गाडी ही मोटार-वाहन समजली जाते, आणि तिला क्रमांक, परवाना, विमा, शिरस्त्राण हे सर्व लागते. खरेदी करणाऱ्याने हा भेद आधीच ध्यानी घ्यावा हे बरे.

घरखर्चाचा हिशेब सरळ आहे. रोज पंचवीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे सव्वासहाशे किलोमीटर झाले. पेट्रोलची स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर गेली, आणि पेट्रोल लिटरला शंभर रुपयांवर असले, तर चौदा-पंधराशे रुपये लागतात. विजेची स्कूटर किलोमीटरला साधारण तीस वॅट-तास खाते. चार्जिंगमधील गळती धरूनही महिन्यास वीस-बावीस युनिटांत काम भागते, म्हणजे घरगुती दराने दोनशे रुपयांच्या आत. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील जवळजवळ तीन-चतुर्थांश शक्ती उष्णता होऊन वाया जाते, तर विजेच्या मोटारीत बहुतेक शक्ती चाकापर्यंत पोहोचते. फरकाचे मूळ येथे आहे. मात्र या बचतीतून काही भाग बाजूला ठेवणे शहाणपणाचे, कारण बॅटरी ही गाडीच्या किमतीचा फार मोठा हिस्सा असते व ती कधी तरी बदलावी लागते. ज्याने पेट्रोलचे पैसे वाचले म्हणून खर्चून टाकले, त्याला नव्या बॅटरीच्या वेळी ते एकदम मोजावे लागतील.

दुसरा प्रश्न जागेचा. अंगण असलेल्या घरात रात्री गाडी विजेला जोडून निजता येते. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्याने काय करावे? सज्जातून लोंबत आणलेली तार हा त्यावरचा उपाय नव्हे. २०२२ मध्ये देशात काही ठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या, त्यानंतर बॅटरीच्या परीक्षेचे नियम कडक करण्यात आले. परंतु नियम बॅटरीची परीक्षा घेतात, घरातल्या जुनाट वायरिंगची घेत नाहीत. इमारतीच्या तळाशी मीटरसह एक सुरक्षित जोड मिळणे हा भाडेकरूच्या दृष्टीने सवलतीच्या रकमेइतकाच महत्त्वाचा विषय आहे.

तिसरा प्रश्न विजेच्या उगमाचा. खांडवा जिल्ह्यातील सिंगाजी वीजकेंद्र कोळसा जाळते. जवळच नर्मदेवरील इंदिरासागर व ओंकारेश्वर येथे पाण्यापासून वीज होते. म्हणजे विजयनगरच्या चौकात धूर सोडला नाही तरी त्यातला काही अंश दूर कोठे तरी सुटतोच. या बाबतीत इंदूरने एक पाऊल टाकले आहे. नर्मदेचे पाणी ज्या जलूदहून उपसून आणले जाते, तेथील पंपांच्या विजेसाठी महापालिकेने २०२३ मध्ये हरित कर्जरोखे काढून २४४ कोटी रुपये उभे केले. ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी ते होते. जे पाण्यासाठी केले ते चाकांसाठी करता येणार नाही असे नाही.

शेवटचा व सर्वांत कठीण प्रश्न रस्त्याचा आहे, आणि तो विजेने सुटत नाही. मोटारीची जागा विजेच्या मोटारीने घेतली तरी कोंडी तेवढीच राहते. बसगाड्यांसाठी राखलेला सुमारे साडेअकरा किलोमीटरचा मार्ग इंदुरात २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो काढण्याचे ठरले. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मेट्रोचा पहिला तुकडा चालू झाला. या सर्व उलथापालथीत दोन चाकांवरून जाणाऱ्याला कोपऱ्यात जी जागा मिळेल तीच त्याची. २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील स्वच्छ शहरांत पहिला क्रमांक मिळविणाऱ्या नगरीने गेडिस यांचा स्वच्छतेचा धडा उत्तम गिरविला, यात शंका नाही. रस्ता माणसांसाठी असतो, हा त्यांचा दुसरा धडा अद्याप पुरता गिरवावयाचा आहे.

विजेची दुचाकी घरचा खर्च कमी करील, चौकातला धूर आणि गोंगाट कमी करील, हे निश्चित. पण घर आणि काम यांतील अंतर ती कमी करणार नाही. उलट प्रवास स्वस्त झाला म्हणून शहर आणखी चार कोस पसरले, तर सायकलीने आणि स्कूटरने जे घडले तेच पुन्हा घडेल. वाचलेला पैसा आणि वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडावा, कष्ट करणाऱ्याच्या की लांबत जाणाऱ्या रस्त्याच्या, याचा निर्णय यंत्र करीत नाही. तो नागरिकांनी व नगरपित्यांनी करावयाचा असतो.